पाच हजार डॉलरचा अर्ज भरण्याआधी

प्रश्न असा आला: आमची संस्था नागपुरात नोंदलेली, सहा वर्षं जुनी. गडचिरोलीतल्या भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांत नक्षल हिंसेत घरचा माणूस गमावलेली वीस-बावीस कुटुंबं आमच्या ओळखीची आहेत. त्यांची काही मुलं नागपुरात राहून शिकतात, त्यांचं आम्ही बघतो. वर्षाचा खर्च साडेचार लाखांच्या घरात, तोही ओळखीपाळखीच्या देणग्यांतून. युद्धाची किंवा सशस्त्र संघर्षाची झळ बसलेल्या लोकांबरोबर काम करणाऱ्या स्थानिक संस्थांना पाच हजार डॉलरपर्यंत छोटं अनुदान, अशी एका परदेशी निधीची जाहिरात पाहिली. अर्ज करावा का, आणि कसा लिहावा? शिवाय आमचे एक विश्वस्त म्हणतात, गाझा-युक्रेनसाठीही पैसे गोळा करून पाठवूया. जमेल का?

ताई, अर्ज कसा लिहायचा ते पुढे सांगते, कारण तुमची खरी अडचण तिथे नाही. चोवीस वर्षं मी विदर्भातल्या लहान संस्थांचे प्रस्ताव आणि हिशेब बघते आहे, चार-पाच निवड समित्यांवरही बसले आहे. चांगलं काम करणाऱ्या संस्था भाषेपायी फारशा अडत नाहीत. पैसे मंजूर होतात आणि ते घेता येत नाहीत, तिथे अडतात.

जाहिरातीतला निधी परदेशी आहे, म्हणजे एफसीआरए आला, परकीय देणगी नियमनाचा २०१० चा कायदा. त्याखाली कायमची नोंदणी हवी तर संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात, आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला असावा लागतो. तुमचे साडेचार गुणिले तीन, साडेतेरा. दीड लाखाने हुकता. पुढच्या वर्षी कदाचित बसाल, यंदा नाही. उरतो पूर्वपरवानगीचा रस्ता: अमुक देणगीदार, अमुक रक्कम, अमुक काम, देणगीदाराचं लेखी आश्वासन जोडून गृह मंत्रालयाकडे अर्ज. तो मंजूर झाला तरी पैसे तुमच्या इथल्या बँकेत येत नाहीत. दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत एफसीआरए खातं काढावं लागतं आणि परदेशी रुपया आधी तिथे उतरतो. या सगळ्यात महिने जातात. पाच हजार डॉलर म्हणजे साधारण साडेचार लाखांच्या घरात. तेवढ्यासाठी देणगीदार तितके महिने थांबणार आहे का, हे अर्ज भरण्याआधी त्याला पत्र लिहून विचारा. बरेच जण थांबत नाहीत, आणि स्पष्ट विचारलं तर तसं प्रामाणिकपणे कळवतातही.

आता तुम्हाला पळवाटा सुचवणारे भेटतील, आपल्याकडे त्यांची वाण नाही. ‘दुसऱ्या संस्थेकडे एफसीआरए आहे, त्यांच्या खात्यात घ्या, ते तुम्हाला देतील.’ हे २०२० च्या दुरुस्तीने बंद झालं. त्याआधी मोठी संस्था लहान नोंदणीकृत संस्थेला रक्कम पुढे देऊ शकत असे. आता परकीय देणगी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे जातच नाही. त्या दुरुस्तीने आपल्यासारख्या भागातल्या लहान संस्थांचं किती नुकसान केलं यावर मी तासभर बोलू शकते, पण कायदा आहे तो आहे. एवढंच होऊ शकतं की ती मोठी संस्था स्वतःच तुमच्या भागात काम चालवते, स्वतःची माणसं नेमते, आणि त्यांत तुमची एखादी कार्यकर्ती तिच्या पगारपत्रकावर जाते. ते खरोखर तसंच चालणार असेल तरच करा. कागदावर त्यांचं आणि प्रत्यक्षात तुमचं, असं असेल तर दोघींच्याही नोंदी धोक्यात.

दुसरी पळवाट म्हणजे अमेरिकेतला कुणाचा तरी मेहुणा. त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड असलं तरी, धरली जाते. त्यामुळे पावती फाडण्याआधी पासपोर्टची प्रत मागायची. लाजायचं नाही. दिल्लीतल्या वकिलातींचीही छोटी अनुदानं असतात. कॅनडाचा स्थानिक उपक्रमांसाठीचा निधी आहे, जपानची तळागाळातल्या प्रकल्पांची योजना आहे. दूतावास दिल्लीत आहे म्हणून पैसा देशी होत नाही, तिथेही एफसीआरए लागतोच. उलट संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्याच्या विशेष संस्था कायद्याच्या व्याख्येत ‘विदेशी स्रोत’ नाहीत. जाहिरात देणारा नेमका कोण आहे, हे म्हणूनच आधी वाचा. मी बघितलेल्या निम्म्या अर्जदारांनी ते वाचलेलं नसतं.

आणि एफसीआरएच्या आधीची पायरी, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. तुमचे सहा वर्षांत विश्वस्त बदलले असतील. एखादे वारले, एखादी मुलीकडे पुण्याला गेली. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो. तो केलाय का? मंजुरीला वेळ लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण दाखल केल्याची पोच तरी हवी. धर्मादाय नोंदीच्या परिशिष्टावर एक नावं, ठरावावर दुसरी, बँकेत सहीला तिसरीच, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ आहे आणि त्यापायी मंजूर झालेली अनुदानं परत गेलेली मी पाहिली आहेत. प्राप्तिकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट) या नोंदी आणि सरकारच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आहे असं धरून चालते. नसेल तर मग परदेशी अर्जाचा विचार सोडून द्या.

देशातले पैसे का नकोत? आपल्याकडे परदेशी अनुदानाला उगाच एक झळाळी आहे. तुमच्यासारख्या संस्थेला नागपुरातच तीन-चार लाख उभे करता येतात: ८०जीच्या पावत्या, एखादी डॉक्टरांची किंवा निवृत्तांची मंडळी, आणि सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी. सीएसआरसाठी सीएसआर-१ हा फॉर्म भरून नोंद करावी लागते, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे. पावत्या दिल्या की देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत प्राप्तिकर खात्याला भरायची, नाहीतर त्यांना वजावट मिळत नाही आणि पुढच्या वर्षी ते तुमचा फोन उचलत नाहीत. मुलांच्या शिक्षणासाठी केंद्राचं राष्ट्रीय सांप्रदायिक सद्भाव प्रतिष्ठान आहे. हिंसेत आईवडील किंवा कमावता माणूस गेलेल्या मुलांना ते मदत देतं. तुमच्या मुलांपैकी कोण त्यात बसतं, ते एकदा तपासून बघा.

सीएसआरच्या बाबतीत मात्र तुमच्या भागात एक काळजी घ्यावी लागेल. एटापल्लीत सुरजागडची खाण आहे, तिथल्या पैशातून दवाखाने आणि शाळा होत आहेत, आणि खाणीवरून गावागावांत मतभेदही आहेत. खाणीचा पैसा घ्यावा की नाही, यावर मी तुम्हाला उपदेश करणार नाही. पण ज्या गावात काम करायचं तिथल्या ग्रामसभेला विचारल्याशिवाय त्या कंपनीचा फलक घेऊन गावात जाऊ नका. फलक एकदा लागला की तुमची संस्था कोणाची, हे गावाने ठरवलेलं असतं.

यावरून मूळ मुद्द्याकडे येते. पूरग्रस्तांच्या आणि संघर्षग्रस्तांच्या कामात मोठा फरक आहे. पुरात यादी लावा, फोटो काढा, वाटप करा, कुणाचं काही बिघडत नाही. इथे यादीच माणसाच्या जिवावर उठू शकते. खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून या भागात माणसं मारली गेली आहेत, आणि दुसऱ्या बाजूने चौकशीचा ससेमिराही लागला आहे. वीसेक वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मीच एक चूक केली. एका विधवा बाईचा शिलाई मशीन घेतानाचा फोटो, नाव आणि गाव घालून फ्लेक्सवर छापला. देणगीदाराला ‘दृश्यमानता’ हवी होती. पुढच्या दोन महिन्यांत तिच्या घरी दोन्हीकडची माणसं येऊन गेली: मशीन कोणी दिलं, का दिलं, तू त्यांना काय सांगितलंस. बाई मशीन भावाकडे ठेवून माहेरी निघून गेली. मशीनचा उपयोगिता दाखला, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा कागद, मात्र आम्ही वेळेवर पाठवला होता.

तेव्हापासून माझे काही नियम आहेत, तुम्ही घ्या नाहीतर तुमचे करा. देणगीदाराकडे जाणाऱ्या अहवालात नावं नाहीत, फक्त क्रमांक. क्रमांक आणि नावांची जोडयादी एकाच वहीत, ती नागपुरात कुलपात, ऑडिटरने येऊन बघावी. मोबाइलमधलं लोकेशन बंद करून फोटो काढायचे, चेहरा नको. हात, पाटी, वही चालते. व्हॉट्सॲप ग्रुपवर याद्या नकोत. ज्यांना फलक आणि चेहरे हवेच असतात, त्यांना अर्जातच कळवायचं की या भागात ते शक्य नाही. समजूतदार देणगीदार यावर उलट गुण देतो. जो देत नाही, त्याचे पैसे तुम्हाला नकोत.

कुटुंबं कशी निवडता, यालाही तितकंच महत्त्व आहे. ‘नक्षलवाद्यांनी मारलेल्यांची कुटुंबं’ असा निकष लावला की तुम्ही एका बाजूच्या झालात. त्याच गावात चकमकीत मेलेल्या पोराची आई असते, पोलिसात असताना सुरुंगात गेलेल्याची बायको असते, आत्मसमर्पण करून आलेला आणि गावात कोणी बोलत नाही असा माणूस असतो. मारणारा कोण, हे विचारू नका. घरात कमावतं माणूस उरलंय का, पोरं शाळेत जातात का, एवढंच विचारा आणि निवड ग्रामसभेवर सोडा. ही उदारपणाची गोष्ट म्हणून सांगत नाहीये, तुमच्या कार्यकर्तीच्या सुरक्षिततेची म्हणून सांगतेय. शिवाय गडचिरोलीतल्या ग्रामसभा आपल्याला वाटतात तितक्या भोळ्या नाहीत. २००९ मध्ये मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्यानंतर कितीतरी गावं बांबूचा आणि तेंदूपत्त्याचा लाखोंचा व्यवहार स्वतः करतात, खातं स्वतः चालवतात. त्यांच्या बैठकीत तुमचा साडेचार लाखांचा प्रकल्प घेऊन जाल तेव्हा उगाच दाते असल्यासारखं बसू नका.

आता अर्जात काय मागायचं. बहुतेक संस्था वस्तू मागतात: ब्लँकेट, किट, दप्तर, मशीन. वस्तूंचा फोटो चांगला येतो म्हणून. माझं मत असं की लहान रक्कम वस्तूंवर घालवणं म्हणजे ती वाया घालवणं. लहान अनुदानाने मोठ्या हक्काचं कुलूप उघडावं. नक्षल हिंसेत मारल्या गेलेल्या नागरिकांच्या कुटुंबांसाठी केंद्राची मदतीची योजना आहे. आधी ३ लाख होते, २०१६ मध्ये ५ लाख झाले. तुमच्या बावीस कुटुंबांपैकी किती जणांना ते मिळाले? मला वाटतं, तुम्ही कधी मोजलं नसेल. कुणाची फाइल वारसदाखल्यापाशी अडलेली असते. कुणाच्या मृत्यूदाखल्यावरचं नाव आधारशी जुळत नाही. माडिया आदिवासी बाईचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्या तिघांपैकी एकालाही माडिया भाषा येत नव्हती. समजा, सहा कुटुंबांच्या फाइली तुम्ही मार्गी लावल्या, तर अडीच-तीन लाखांच्या अनुदानातून तीस लाख गावात पोहोचले. निवड समितीत असा अर्ज आला की आम्ही तो हातात धरून ठेवत असू.

त्यासाठी खर्च कशावर? माणसावर. माडिया बोलणारी, कागद समजणारी, शक्यतो त्याच तालुक्यातली एक कार्यकर्ती. महिना बारा हजार धरले तरी वर्षाचे १ लाख ४४ हजार. प्रवासाला चाळीस हजार. प्रती, प्रतिज्ञापत्रं, दाखल्यांसाठी पंधरा. ऑडिटला पंधरा, हो, ऑडिटरची फी अर्जात घालायची, स्वतःच्या खिशातून नाही भरायची. आणि पन्नास हजार मोकळे, अचानक लागणाऱ्या गोष्टींसाठी: दवाखाना, पोराचं परीक्षेला जायचं भाडं, एखाद्या बाईला चार दिवस गाव सोडून राहावं लागलं तर. एकूण २ लाख ६४ हजार. पाच हजार डॉलर देऊ करतात म्हणून पूर्ण पाच हजार मागायलाच हवेत असं कुठे आहे?

पुढे परकीय देणगी घेतलीत तर प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, पूर्वी ती ५० होती. पण प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचा पगार, शाळेतल्या शिक्षकाचा किंवा दवाखान्यातल्या डॉक्टरचा असतो तसा, त्यात धरत नाहीत. तुमच्या कार्यकर्तीचं काम काय, हे नेमणूकपत्रात नीट लिहा. नुसतं ‘समन्वयक’ लिहिलं की ती प्रशासनात गेलीच समजा.

वेळापत्रक बारा सारख्या महिन्यांचं करू नका. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे गडचिरोलीत शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी नागपूरहून गेलेल्या अर्जांत ऑगस्टमध्ये ‘दोन क्षेत्रभेटी’ असतात. मे महिन्यात सगळं गाव तेंदूला जंगलात असतं, तेव्हा बैठक ठेवलीत तर तुम्ही आणि कुत्री एवढेच. कागदांचं काम नोव्हेंबर ते मार्च, पावसाळ्यात नागपुरातल्या मुलांचं. नागपूरहून भामरागड साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, एसटीने जाऊन एका दिवसात परत येणं होत नाही, तेव्हा मुक्कामाचा खर्च धरा. आणि कार्यकर्ती बाई असेल तर तिला २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. बजेटात पूर्ण भाडं लावलेलं मी दोनदा पाहिलंय, ऑडिटरने दोन्ही वेळा आधी तेच पकडलं.

कदाचित एक प्रश्न तुम्हाला मुलाखतीत येईल: ‘पण तिथला संघर्ष तर संपला ना?’ ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपतीने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली, ३१ मार्च २०२६ ही नक्षलवाद संपवण्याची मुदत केंद्राने जाहीर केलेली होती, त्यामुळे विचारणाऱ्याचं चूक नाही. उत्तर तयार ठेवा. बंदुका गप्प झाल्या की विधवा बायका पहिल्यांदा कार्यालयांत जाण्याचं धाडस करतात, परत आलेले लोक गावात जागा मागतात, जुनी जमिनीची भांडणं वर येतात. या कामाची गरज आता वाढते आणि नेमका आताच पैसा दुसरीकडे वळतो.

पैसा वळण्याचं हे जगभर दिसतं. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या मानवतावादी शिखर परिषदेत मोठ्या देणगीदारांनी कबूल केलं होतं की २०२० पर्यंत मदतनिधीचा चौथा हिस्सा शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांपर्यंत जाईल. तो जवळपासही पोहोचला नाही. तुम्ही वाचलीत तशा छोट्या अनुदानांच्या बऱ्याच जाहिराती त्याच कबुलीतून निघतात. सुदानमध्ये एप्रिल २०२३ ला युद्ध पेटल्यावर मोहल्ल्यांतल्या तरुणांनी आपत्कालीन कक्ष काढले, सामूहिक स्वयंपाकघरं चालवली, मोठ्या संस्था पोहोचत नव्हत्या तिथे लोकांना जेवू घातलं. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली आणि त्यांतली कित्येक स्वयंपाकघरं बंद पडली. एकाच दात्यावर विसंबू नका, हे मी तुम्हाला सांगते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती असतात.

राहिला तुमच्या विश्वस्तांचा मुद्दा. त्यांची भावना खोटी नाही, नागपूरला तिचा वारसाही आहे. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाखालच्या चीनला काँग्रेसने वैद्यकीय पथक पाठवलं, त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. लोकांनी वर्गणी गोळा केली होती. आज मात्र तुमच्या न्यासाने गाझा किंवा युक्रेनला पैसे पाठवायचे म्हटलं, तर देशाबाहेर केलेला खर्च प्राप्तिकरात धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची आगाऊ परवानगी लागते. वर परकीय चलनाचे नियम. तुमच्या संस्थेच्या घटनेत देशाबाहेरच्या कामाची तरतूद आहे का, तेही बघावं लागेल. थोडक्यात, संस्थेने हे करू नये. त्या गृहस्थांनी स्वतःच्या खात्यातून, बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, स्वतःच्या नावावर खुशाल पाठवावेत. मात्र संस्थेच्या पावती पुस्तकावर गोळा करून ‘आम्ही पाठवू’ म्हणू नये.

आणि त्यांना विदर्भाबाहेरचंच काही करायचं असेल तर मणिपूर आहे. मे २०२३ नंतर ६० हजारांहून अधिक लोक घरं सोडून गेले, तिथे तुमचा न्यास कायद्यात राहून मदत करू शकतो. जवळच हवं असेल, तर जरीपटक्यातल्या सिंधी घरांत, मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतींत किंवा गोंदिया जिल्ह्यातल्या तिबेटी वसाहतीत जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोला म्हणावं. घर सोडून आल्यावर पहिल्या वर्षी नेमकं काय लागतं, ते तुमच्या अर्जाला कुठल्याही मार्गदर्शक पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तर यंदा परदेशी अर्ज सोडा. देणगीदाराला एक पत्र मात्र लिहा, ओळख राहू दे. हाच २ लाख ६४ हजारांचा कागद नागपुरातल्या लोकांपुढे ठेवा. बावीस कुटुंबांची फाइलवार स्थिती दिवाळीपर्यंत काढा. आणि उद्या सकाळी कपाट उघडून शेवटच्या चेंज रिपोर्टची पोच शोधा. ती सापडली नाही तर आधी मला फोन करा.